साडेसहाशे शब्दांचा माणूस

आमच्या वेळी कॉलेजप्रवेश ही भिंतीवर चिकटवलेली गोष्ट असे. निकाल लागला की काही दिवसांनी कॉलेजच्या बोर्डावर टाइप केलेल्या याद्या लागत. आपण गर्दीत घुसायचे, टाचा उंचावून आपले नाव शोधायचे. सापडले तर फीच्या रांगेत उभे राहायचे, नाही सापडले तर सायकल पुढच्या कॉलेजकडे वळवायची. सगळा व्यवहार टक्क्यांचा. तुम्ही स्वभावाने कसे आहात, फावल्या वेळात काय करता, आयुष्यात कोणत्या प्रसंगाने तुम्हाला हलवून सोडले, याबद्दल कॉलेजला काडीची उत्सुकता नसे. 'आपण आमच्याच महाविद्यालयात का येऊ इच्छिता?' असा रकाना माझ्या कॉमर्सच्या फॉर्मवर असता, तर 'सायन्सची यादी माझ्या नावाच्या बरीच आधी संपली आणि बसस्टॉप समोरच आहे' एवढेच प्रामाणिक उत्तर मला देता आले असते. सुदैवाने कोणी विचारले नाही. म्हणून आज बँकेत आहे.

अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांना मात्र हे सगळे जाणून घ्यायचे असते. हे ज्ञान मला झाले ते न्यू जर्सीतली माझी भाची तिकडे बारावीत गेली तेव्हा. बारावीच्या मुलांना तिकडे 'सीनियर' म्हणतात. आमच्या शाखेत सीनियर म्हणजे पगार जास्त आणि काम कमी. तिकडे नेमके उलटे. ऑगस्टपासून ते पोर जे फॉर्मला लागले ते जानेवारी उजाडेपर्यंत. आणि तिच्यापाठोपाठ ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे मेहुणे, एक तासावर पैसे घेणारा सल्लागार आणि व्हिडिओ कॉलवरून मी. त्यांची रात्र म्हणजे माझी सकाळ. त्यामुळे अमेरिकन शिक्षणपद्धतीचा माझा सगळा अभ्यास गालाला दाढीचा साबण लावलेल्या अवस्थेत झाला आहे.

हल्ली आपल्याकडे दर सोसायटीत निदान एका घरात तिकडे बारावीतली भाची किंवा पुतण्या असतो. तेव्हा दोन शब्द सांगायला हरकत नाही. माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. तर मी फॉर्मचा माणूस आहे. गेली वीसेक वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूने लोकांना फॉर्म भरताना पाहतो आहे. 'व्यवसाय' या रकान्यात 'मुलगा इंजिनिअर' असे लिहिणारे वडील मी पाहिले आहेत. 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात 'बरी आहे' असे लिहिणारे गृहस्थही पाहिले आहेत. फॉर्म कोणत्याही देशाचा असो, माणूस त्यात आपण जे नाही तेच भरायला जातो.

तिकडच्या या फॉर्मचे नाव 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन'. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन तो काढला, म्हणजे पोरांना पंधरा वेळा तेच ते लिहायला नको. आज हजारावर कॉलेजे त्यात आहेत. दर वर्षी १ ऑगस्टला नवा फॉर्म उघडतो आणि एकाच फॉर्मवर वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. सोय झाली की गर्दी होते, हा नियम पासबुकाच्या मशीनपासून सगळीकडे लागू आहे. एकट्या हार्वर्डकडे २०२४ साली ५४ हजारांवर अर्ज आले आणि दोन हजारांहून कमी मुलांना होकार गेला. शंभरात चारसुद्धा नाहीत. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी आठ वाजता चौथी सीट मिळण्याची शक्यता याहून बरी.

नाव, पत्ता, आईवडील कुठवर शिकले, इथपर्यंत हा फॉर्म माणसासारखा वागतो. पुढे तो विचारतो की तुम्ही शाळेव्यतिरिक्त काय काय करता? दहा रकाने, आणि प्रत्येकात वर्णनाला फक्त १५० अक्षरे. इथे आमचे मेहुणे पेटले. भाची के.जी.त असल्यापासून ते या दहा रकान्यांसाठी तिला वाढवत होते, हे मला त्या दिवशी कळले. भरतनाट्यम, टेनिस, रोबोटिक्स, मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवणे. शिवाय मंडळाच्या गणेशोत्सवात तिने दोन वर्षे मोदक वाटले होते. त्याचे मेहुण्यांनी इंग्रजीत जे केले ते मी मराठीत सांगतो: 'पाचशे नागरिकांच्या पोषणव्यवस्थेचे नेतृत्व.' मी म्हटले, "अहो, एकवीस-एकवीस मोदकांचं ताट होतं ना ते?" ते म्हणाले, "तुम्हाला तिथली कॉम्पिटिशन माहीत नाही."

ती मला माहीत नाही हे खरे. पण त्याच फॉर्मच्या यादीत 'घरच्या जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' असे दोन प्रकार छापलेले आहेत, ते मी साबण लावलेल्या डोळ्यांनीही वाचले. म्हणजे जो मुलगा संध्याकाळी दुकानात सामान भरतो, किंवा जी मुलगी आई कामावरून येईपर्यंत धाकट्या भावाला सांभाळते, त्यांच्यासाठी कॉलेजवाल्यांनी जागा ठेवली आहे. ती भरायची लाज वाटते ती आपल्याला. भाची उन्हाळ्यात आइसक्रीमच्या दुकानात काम करत होती, ते मेहुण्यांनी यादीतून काढून टाकले होते. तिने ते गुपचूप परत घातले आणि मोदक एक ओळ खाली सरकवले. दहाचे दहा रकाने भरलेच पाहिजेत असा कायदा नाही. नॉमिनीचा रकाना मोठा आहे म्हणून आपण शेजाऱ्याचे नाव घालत नाही.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवतो, नाही तर पोरे अभ्यास टाकून मोदकांच्या मागे लागतील. सगळ्यात आधी बघतात ते शाळेचे मार्कच. एका परीक्षेतले नव्हे, नववीपासूनचे सगळे. आणि नुसते मार्क नाहीत, शाळेत जे अवघड विषय होते ते घेतले की सोपे घेऊन गुण गोळा केले, तेही बघतात. शिवाय ती एसएटी नावाची परीक्षा आहेच. तिचा जन्म १९२६ चा. २०२० साली साथीमुळे परीक्षा केंद्रे बंद पडली तेव्हा बहुतेकांनी ती ऐच्छिक केली. मग एमआयटीने २०२२ मध्ये ती परत आणली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड यांनी तेच जाहीर केले. तेव्हा कॉलेजागणिक नियम वाचावा. "अमक्याच्या मुलानं दिली नव्हती" हा पुरावा आमच्या बँकेतही चालत नाही.

मग शिफारसपत्रे. दोन शिक्षकांची आणि एक शाळेच्या समुपदेशकाचे. यातली गंमत अशी, की मुलाने हे पत्र पाहण्याचा आपला हक्क सोडल्याची सही करायची. करायलाच पाहिजे असे नाही, पण बहुतेक सगळे करतात, कारण गुपचूप लिहिलेले पत्र जास्त खरे मानले जाते. हे आमच्या खात्यातल्या गोपनीय अहवालासारखे झाले, फरक इतकाच की तिथे माणूस खाऊ घेऊन आभार मानायला जातो. आपल्याकडच्या शिफारसपत्राचा मजकूर मला तोंडपाठ आहे: विद्यार्थी आज्ञाधारक आहे, कष्टाळू आहे, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. हे पत्र गावातल्या दोनशे मुलांना लागू पडते आणि त्यातल्या एकालाही ओळखत नाही. मेहुण्यांचा आग्रह होता की पत्र फिजिक्सच्या सरांचे घ्यावे, कारण त्यांचे नाव मोठे. भाचीने घेतले ते इतिहासाच्या बाईंचे. त्या वर्गात ती बाईंशी वर्षभर वाद घालत होती. ज्याच्याशी आपण भांडलो त्यालाच आपली खरी माहिती असते. मात्र मागायचे ते अकरावी संपताना. ऑक्टोबरात त्या बिचाऱ्या बाईंच्या टेबलावर पत्रांची आमच्या मार्चएंडसारखी चळत साठते.

हे चारित्र्य नि व्यक्तिमत्त्व बघण्याचे खूळ कुठून आले, हा प्रश्न मला पडला. कॉमर्सचा माणूस कोणत्याही नोंदीची मूळ पावती शोधतो. ती सापडली १९२०च्या दशकात. त्याआधी हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता. त्या परीक्षेत ज्यू मुले भराभर पास होऊ लागली, हे अध्यक्ष लॉवेल यांना खुपले. १९२२ मध्ये त्यांनी सरळ कोट्याचीच कल्पना मांडली. त्यावर ओरडा झाला, तेव्हा १९२६च्या सुमारास फोटो, मुलाचे 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' असे मोजपट्टीत न बसणारे निकष आणले गेले. शंभर वर्षांनी त्याच हार्वर्डवर आशियाई मुलांच्या बाजूने खटला चालला. त्यात या मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण कमी पडत असल्याची आकडेवारी पुढे आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत बंद केली. बापाने तिथे शिकल्याचा फायदा मुलाला देण्याची प्रथा मात्र कित्येक कॉलेजांत आहेच. अ‍ॅम्हर्स्टने ती २०२१ मध्ये सोडली, एमआयटी ती पाळत नाही. शिवाय खेळाडूंच्या जागा वेगळ्या. त्या खेळाडूंच्या दारातून काही श्रीमंत आईबापांनी आपली मुले आत ढकलल्याचे २०१९ साली उघड झाले. वॉटर पोलो न खेळणाऱ्या मुलाचा वॉटर पोलो खेळतानाचा फोटो तयार झाला होता, आणि हे सगळे जमवून देणारा दलालच होता. तुरुंगात गेलेल्यांत सिनेमा-टीव्हीतल्या नट्याही होत्या. हे ऐकून मला अमेरिकेबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला.

हे सगळे भाचीला सांगितले ते एवढ्यासाठी, की नकार आला तर तो आपल्या व्यक्तिमत्त्वाचा पंचनामा आहे असे तिने समजू नये. सतरा वर्षांच्या पोरीला 'तुझे मार्क कमी पडले' हे सांगितले तर ती एक दिवस रडते. 'तू माणूस म्हणून कमी पडलीस' असे तिला वाटले तर ते किती दिवस पुरेल याचा नेम नाही. आमची बोर्डावरची यादी निर्दय होती, पण ती आमच्या स्वभावाबद्दल चकार शब्द काढत नसे.

आता निबंध. सगळ्या घराची झोप उडाली ती यावर. शब्द जास्तीत जास्त ६५०. त्यात आपण कोण आहोत ते सांगायचे. विषय हवा तो घ्या. सतरा वर्षे आणि साडेसहाशे शब्द, म्हणजे वर्षाला सुमारे अडतीस. मी म्हटले, कर्जाच्या अर्जालासुद्धा याहून जास्त लिहून घेतो आम्ही.

मेहुण्यांच्या मते विषय ठरलेला होता. मागे एकदा सुटीत त्यांनी भाचीला अकरा दिवस भोरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला पाठवले होते. 'त्या मुलांच्या डोळ्यांत मला भारत दिसला' या वाक्याने सुरुवात करावी असे त्यांचे म्हणणे. भाची म्हणाली, "बाबा, त्या मुलांनी मला विटीदांडू शिकवला आणि माझं इंग्लिश त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मला फक्त हसू दिसलं." सल्लागाराचे मत निराळे. तो तासाला जे घेत होता त्यात आमच्या शाखेतला शिपाई महिना काढील. त्याने विचारले, यात 'संघर्ष' कुठे आहे? मेहुण्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिले, जणू घराण्यातला संघर्ष मामाकडे शिल्लक असेल.

भाचीने शेवटी लिहिले ते आजीबद्दल. आजी म्हणजे माझी आई. ती आमच्याकडे असते, आणि भाची त्या जुलैत आमच्याकडे सहा आठवडे होती. आई दर महिन्याच्या एक तारखेला पासबुक भरायला बँकेत येते. माझ्याच शाखेत. पण माझ्या काउंटरवर येत नाही. "तुला काय विचारायचं? तू घरी आहेसच." दारातच पासबुक आपोआप छापून देणारे मशीन आहे, तिथे रांग नसते. आई त्याच्याकडे ढुंकून न बघता पलीकडच्या खिडकीपाशी पंधरा-वीस मिनिटे उभी राहते. भाचीने तिला मशीन शिकवायचे ठरवले. बारकोड कुठे, पान कसे उघडायचे, सगळे व्यवस्थित, दोनदा. आईने सगळे नीट ऐकून घेतले, "हुशार आहेस हो" म्हणाली, आणि पासबुक मशीनमधून भरून झाल्यावर ते भरलेले पासबुक घेऊन परत रांगेत जाऊन उभी राहिली. कारण खिडकीतल्या बाई गुडघ्याची चौकशी करतात, आणि पुढे उभे असलेले निवृत्त पोस्टमास्तर 'व्याज लागलं का?' असे विचारतात. मशीन विचारत नाही.

एवढाच निबंध. शेवटी तिने लिहिले होते की पुढच्या महिन्यात मी काही न बोलता आजीबरोबर रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आला तेव्हा माझ्याजवळ भरायला काहीच नव्हते.

सल्लागार म्हणाला, यात नेतृत्व नाही. मेहुणे म्हणाले, "पासबुक? तिकडच्या लोकांना वाटेल आपल्या घरी इंटरनेट नाही." ताई काहीच बोलली नाही. तिने फोन फिरवून भिंतीकडे केला, म्हणजे ती रडत होती. मी मधे पडलो. एरवी मी मेहुण्यांपुढे मान डोलावण्याचे काम करतो. पण रोज शंभर सह्या तपासणाऱ्या माणसाला खरी सही ओळखू येते. भोरच्या निबंधावर मेहुण्यांची सही होती. संघर्षाच्या निबंधावर सल्लागाराची. हा तिसरा नमुना आमच्या कार्डाशी जुळत होता.

मी मेहुण्यांना आनंदीबाईंची आठवण दिली. न्यू जर्सीत राहून त्यांना हे सांगावे लागले याचे मला नवल वाटले. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते तिकडच्या मासिकात छापून आले, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत वाचले. तिथून ओळख वाढली. म्हणजे पालकांनी पाठवलेल्या पत्राचाही उपयोग होतो, नाही असे नाही. पण १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला आपले शिक्षण किती, हेतू काय, हे सांगणारे पत्र गेले ते आनंदीबाईंच्या स्वतःच्या हातचे. वय अठरा. कॉलेजने घेतले आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. मेहुणे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तेव्हा कॉम्पिटिशन कमी होती." पण निबंध राहिला.

आता माझ्या खात्यातला विषय. या कॉलेजांची छापील किंमत हल्ली वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर असते. राहणे-जेवण धरून. छापील म्हणण्याचे कारण, सगळे तेवढे भरत नाहीत. घरचे उत्पन्न, घराची किंमत, शिल्लक, सगळे विचारून कॉलेज ठरवते की तुम्हाला किती झेपेल. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट यांसारखी थोडी कॉलेजे अशी आहेत की प्रवेश देताना ती ऐपत बघत नाहीत आणि नंतर गरजेइतकी मदत देतात, परदेशी मुलांनासुद्धा. बाकी पुष्कळ ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की ती गोष्ट त्याच्या अर्जाच्या पारड्यात पडते. म्हणून पुण्याहून अर्ज करणाऱ्या मुलाने ही चौकशी आधी करावी, विमानतळावर नव्हे. तिथल्या कॉलेजांना २०११ पासून कायद्याने आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा हिशेब काढायची सोय ठेवावी लागते. उत्पन्न घाला, अंदाज बाहेर येतो. दहा मिनिटांचे काम. मुले दहा महिने निबंध लिहितात आणि ही दहा मिनिटे राहून जातात. फक्त हा हिशेब तिथल्या रहिवाशांसाठी बेतलेला असतो, परदेशातल्यांनी त्यावर विसंबू नये.

मेहुण्यांनी ती दहा मिनिटे टाळली होती. त्यांना 'अर्ली डिसिजन' घालायचे होते. हा प्रकार म्हणजे साखरपुडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला सांगायचे, की तुम्ही हो म्हटलेत तर मी तुमचीच. मुलगी, पालक आणि शाळा, तिघांच्या सह्या. डिसेंबरात होकार आला की बाकीचे अर्ज मागे. अशाने प्रवेशाची शक्यता वाढते म्हणतात, आणि कॉलेजला कोण नक्की येणार ते कळते. पण दुसऱ्या स्थळाने काय दिले असते ते आपल्याला कधीच कळत नाही. दिलेली मदत अगदीच अपुरी पडली तर मोडता येतो, पण मोडायची कोणाला हौस असते? कपडे शिवून झालेले असतात. ज्याला पैशाची तुलना करायची गरज आहे त्याने साखरपुडा करू नये, नुसती 'अर्ली अ‍ॅक्शन' असेल तर ती बघावी. तिच्यात उत्तर लवकर येते आणि बंधन नसते.

मेहुण्यांनी घर तारण ठेवायचे ठरवले होते. हे ताईला माहीत नव्हते, मला त्यांनी एक बँकवाला म्हणून विचारले, "व्याजाचा दर साधारण किती धरावा?" मी म्हटले, कशासाठी? तेव्हा हळूहळू बाहेर आले. त्यांना स्वतःला आयआयटी अगदी थोडक्यात हुकली होती. तीस वर्षे झाली. ते कधी बोलत नाहीत, पण कोणाचा मुलगा आयआयटीत गेला असे कळले की ते पाणी प्यायला उठतात. मला तो माणूस त्या दिवशी प्रथमच आवडला, आणि म्हणूनच मी कागद पुढे ओढला.

एक लाख डॉलर, आठ टक्के, दहा वर्षे. हप्ता महिन्याला १,२१३ डॉलर. एकूण परतफेड सुमारे १ लाख ४५ हजार ६००. तुमचे वय आज बावन्न. तिची चार वर्षे संपल्यावर हप्ते सुरू केले, तर शेवटचा हप्ता तुमच्या सहासष्टाव्या वर्षी. आणि मधल्या चार वर्षांचे व्याज मी अजून धरलेले नाही. हा लाख कुठला? नामांकित खासगी कॉलेजाने तुमच्या उत्पन्नावर जे मागितले असते, आणि तुमच्याच राज्याच्या विद्यापीठाला जे लागते, त्यातला चार वर्षांचा फरक. रटगर्स त्यांच्या घरापासून गाडीने फार तर अर्ध्या तासावर. १७६६ साली स्थापन झालेले, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्या दहा वर्षे आधीचे. पण घराजवळचे म्हणून मेहुणे त्याचा उल्लेख 'ते आपलं इथलं' असा करीत.

मेहुणे म्हणाले, "पण नावाला काही किंमत आहे की नाही?" आहे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली तीच मोजली होती. सारख्या कुवतीची मुले, सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेली. काही मोठ्या नावात गेली, काही गेली नाहीत. पुढे पगारात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. फरक पडला तो गरीब घरांतल्या मुलांना, ज्यांच्या बापाची ओळखपाळख नव्हती. मी म्हटले, "तुमची ओळख आहे. आमच्या सोसायटीतल्या तीन मुलांना नोकऱ्या तुम्हीच लावल्यात." ते पाणी प्यायला उठले. घर तारण राहिले नाही. साखरपुडाही झाला नाही.

बारा अर्ज गेले. मार्चअखेर उत्तरे आली. सहा नकार, चार होकार, दोन वेटिंग लिस्ट. वेटिंग लिस्टबद्दल आपल्याला तिकडच्यांनी काय शिकवावे? आमच्याकडे निदान 'आरएसी' असते, अर्धा बाक तरी मिळतो. तिथे नुसतेच प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे. ज्याला १ मेपर्यंत दुसरीकडे पक्के करायचे आहे त्याने ते करून टाकावे आणि वेटिंगची गाडी आली तर बघावे.

चारांपैकी एका खासगी कॉलेजाच्या होकारपत्राखाली कोणीतरी पेनने दोन ओळी लिहिल्या होत्या: आजी अजून रांगेतच उभी राहते का? ताईने तो कागद मला फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवून दाखवला. मेहुणे मागे उभे होते. त्या कॉलेजाने वर्षाला ६१ हजार मागितले होते. मी सांगितले, मदत वाढवून द्या म्हणून एक नम्र पत्र घालायला काही पैसे पडत नाहीत. भाचीने घातले. त्यांनी तीन हजार कमी केले. आमच्या रीजनल ऑफिसपेक्षा उदार.

मग एका सकाळी भाचीने स्क्रीनवर तक्ता आणला. डावीकडे ते कॉलेज, उजवीकडे आपलं इथलं, त्याचे ऑनर्स कॉलेज आणि थोडी शिष्यवृत्ती. खाली चार वर्षांची बेरीज, बेरजेखाली दुहेरी रेघ. ती दुहेरी रेघ तिला कोणी शिकवली ते मी विचारले नाही. ती म्हणाली, "मामा, डिफरन्स बरोबर आहे ना? दोनदा टॅली केला." बरोबर होता. मेहुणे तक्त्याकडे बराच वेळ बघत होते. "त्या चिठ्ठीवाल्यांना काय कळवशील?" एवढेच त्यांनी विचारले. ती म्हणाली, कळवलं. आजी अजून रांगेत असते, आणि मी येत नाहीये, पण थँक यू.

दोन दिवस मेहुणे फोनवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईने सांगितले, की गाडीच्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत रटगर्स आले आहे आणि ते स्टिकर सरळ लागावे म्हणून त्यांनी फूटपट्टी वापरली.

आईला मी रात्री जेवताना सगळे सविस्तर सांगितले. कॉलेज घराजवळ आहे, फी झेपणारी आहे, तिथे ती चार वर्षे राहणार. आईने आमटी वाढता वाढता ऐकले आणि विचारले, "आणि पासबुक भरायचं झालं तर तिथे खिडकी आहे का, की तिथेही मशीनच?"